दव कुठे गोठेल? डोंगरी जमिनीचा आराखडा करण्याआधी हिमकणांचा धोका कसा ओळखायचा

दर हिवाळ्यात एक बातमी हमखास छापून येते: ‘पुणे महाबळेश्वरपेक्षाही थंड’. मुंबईत पंखा दोनवर ठेवून ती वाचणाऱ्याला गंमत वाटते. डोंगरात जमीन असणाऱ्याने किंवा घेऊ पाहणाऱ्याने मात्र ती नीट वाचावी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे, तर पुण्याची शिवाजीनगरची वेधशाळा साधारण ५६० मीटरवर. दर किलोमीटरला साडेसहा अंश या भूगोलाच्या पुस्तकातल्या हिशोबाने महाबळेश्वर पाचेक अंशांनी थंड असायला हवं. दिवसा ते थंड असतंही. जानेवारीच्या निरभ्र पहाटे मात्र हिशोब उलटतो, कारण पुणे खोलगट भागात बसलंय आणि महाबळेश्वर माथ्यावर.

दुसरी बातमीही तितकीच ठरलेली: ‘वेण्णालेक, लिंगमळा परिसरात हिमकण’. तीही नीट वाचा. बाजारपेठेत हिमकण नसतात. तिथून खाली उतरून वेण्णेच्या खोऱ्यात गेलं की गाड्यांच्या टपावर, वाळक्या गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. एकच डोंगर आणि एकच रात्र, पण खालची जागा वरच्यापेक्षा कित्येक अंशांनी थंड.

मुंबई-ठाण्यात राहून वाई, महाबळेश्वर, जुन्नर किंवा नाशिककडच्या जमिनीचं नियोजन करणारे बरेच जण एकच प्रश्न विचारतात: ‘किती उंचीवर आहे?’ हिमकणांच्या बाबतीत हा प्रश्न चुकीचा आहे. थंड हवा कुठून येते, कुठे साचते आणि तिला बाहेर पडायला वाट आहे का, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर निम्मं मुंबईत संगणकावर मिळतं. उरलेलं निम्मं पहाटे साडेपाचला जागेवर उभं राहिल्याशिवाय मिळत नाही.

रात्र कोणती, ते आधी ठरवा

आपल्याकडे जमिनीलगत गोठण होते ती बहुतेक वेळा उष्णता आकाशाकडे निघून गेल्यामुळे. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते. आकाशात ढग असतील तर त्यातली बरीचशी परत मिळते, निरभ्र असेल तर निघून जाते. वारा असेल तर वरची उबदार हवा खाली घुसळली जाते. वारा पडला की जमिनीलगतचा थर एकटाच गार होत राहतो. गार हवा जड असते, त्यामुळे ती उताराने खाली सरकते. तिची चाल पाण्यासारखी खळाळती नसते. ती काकवीसारखी हळू आणि जाडसर सरकते, छोट्याशा बांधालाही अडते आणि खोलगट जागी साचून राहते.

म्हणून सगळ्या हिवाळ्याची सरासरी काढून उपयोग नाही. निवडक रात्री वेगळ्या काढायच्या. उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला, त्यामागून कोरडे उत्तरेकडचे वारे आले आणि मग एक-दोन दिवसांनी वारा पडला की महाराष्ट्रात अशा रात्री येतात. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीची सुरुवात हा त्यांचा मुख्य काळ.

यादी करायला जवळच्या वेधशाळेची किमान तापमानं हवीत. भारतीय हवामान खात्याकडून स्टेशनची जुनी आकडेवारी रीतसर मागता येते. ती हातात येईपर्यंत ईआरए५-लँड ही तासातासाची फुकट आकडेवारी चालते. तिचा चौकोन सुमारे ९ किलोमीटरचा आहे, म्हणजे वेण्णेचं अख्खं वरचं खोरं आणि आजूबाजूचे माथे एकाच आकड्यात मावतात. तुमच्या गटातलं तापमान त्यातून शोधू नका. फक्त तारखा काढा: कोणत्या रात्री ढग नव्हते, वारा सेकंदाला दोन मीटरच्या आत होता आणि दवांक खाली होता.

दवांक म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसू लागतं तो आकडा. संध्याकाळी सहाचा दवांक हा पहाटेच्या तापमानाचा ढोबळ तळ समजायला हरकत नाही. दव बसू लागलं की बाष्पातली उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची घसरण मंदावते. दवांक १० असेल तर निश्चिंत झोपा. दवांक शून्याच्या आसपास किंवा खाली असेल तर घसरण थांबवणारं काही उरत नाही. हवा फारच कोरडी असेल तर पांढरा थर न दिसताच झाडातलं पाणी गोठतं आणि दुपारी पानं काळी पडतात. तेव्हा ‘आमच्याकडे पांढरं काही दिसत नाही’ या भरवशावर राहू नये.

नकाशा: गटाचा नव्हे, खोऱ्याचा

लोक सातबारा आणि महाभूनकाशावरची गटाची हद्द घेतात आणि तेवढ्याच तुकड्याची उंची तपासतात. थंड हवेला गट नंबर कळत नाही. वरच्या धारेपासून खाली जिथे खोरं अरुंद होतं त्या गळ्यापर्यंतचा सगळा भाग घ्या. हा अभ्यास दोन एकरांसाठी असला तरी नकाशा वीस-पंचवीस चौरस किलोमीटरचा होऊ शकतो, त्याला इलाज नाही.

उंचीचा आकडेवार नकाशा, म्हणजे मॉडेल, इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरून कार्टोडेमचा घ्या किंवा युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा ३० मीटर चौकोनाचा घ्या. दोन्ही फुकट आहेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर आधी त्याचं प्रक्षेपण यूटीएम ४३ उत्तर करा, म्हणजे अंतरं मीटरमध्ये मोजली जातील. मुंबई, नाशिक, सातारा, नंदुरबार हे सगळं त्याच पट्ट्यात येतं. अक्षांश-रेखांशात तसाच ठेवला तर उताराचे आकडे वेडेवाकडे येतात. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट घ्या. तिच्यावर २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा असतात आणि ओढे, वाड्या, पाझर तलाव नावानिशी सापडतात. संगणकावरचं मॉडेल बरोबर बसलंय की नाही हे टोपोशीटवरच्या ओढ्यांशी ताडून पाहा.

एक सावधगिरी. कोपर्निकसचं मॉडेल जमिनीची नव्हे, वरच्या पृष्ठभागाची उंची देतं. जिथे दाट रान आहे तिथे झाडांचे शेंडे जमीन म्हणून मोजले जातात. महाबळेश्वरच्या रानालगतचं शेत त्यामुळे नकाशावर आहे त्यापेक्षा खोल दिसू शकतं. तो आकडा जागेवर जाऊनच दुरुस्त करायचा.

खड्डे बुजवू नका

इथे पाण्याच्या अभ्यासाची सवय नडते. पाणलोटाचा नकाशा करताना पहिलं काम असतं मॉडेलमधले खोलगे भरून टाकणं, म्हणजे पाणी कुठे अडकत नाही. बहुतेक शिकवण्यांत तेच शिकवतात आणि लोक डोळे झाकून ते बटण दाबतात. गोठणीच्या अभ्यासात तेच खोलगे आपल्याला हवे असतात.

करायचं असं. मूळ मॉडेल जपून ठेवा. त्याची एक प्रत सागा या सॉफ्टवेअरमधल्या ‘वांग आणि लिऊ’ पद्धतीने भरा. भरलेल्यातून मूळ वजा करा. जो फरक उरतो ती प्रत्येक खोलग्याची खोली, म्हणजे थंड हवेची संभाव्य तळी. ३० मीटरच्या मॉडेलमध्ये तीन-चार मीटरपर्यंतची चूक सहज असते, म्हणून तेवढ्या उथळ तळ्यांवर भरवसा ठेवू नका. पाच-सात मीटर खोल आणि सलग पसरलेली तळी मात्र गंभीरपणे घ्या.

पुढे गळे शोधा. खोरं रुंद होत खाली जात असेल तर थंड हवा वाहून जाते. दोन सोंडा जवळ येऊन वाट अरुंद होत असेल तर मागे तुंबते. वरचा पाणलोट जितका मोठा आणि गळा जितका चिंचोळा, तितकं तळं मोठं. महाबळेश्वरच्या पठाराकडे या नजरेने पाहा. पश्चिमेला कोकणात कोसळणारा कडा आहे, तिथे थंड हवा साचायला जागाच नाही, ती थेट खाली घसरते. वेण्णा मात्र पूर्वेकडे जाते. तिच्या सुरुवातीच्या खोऱ्याचा तळ रुंद, मंद उताराचा आहे आणि सगळ्या बाजूंच्या टेकड्या आपली गार हवा त्यात रिकामी करतात. हिमकण तलावामुळे पडतात असं पर्यटकांना वाटतं. तलाव बाष्प पुरवतो खरं, म्हणून थर छान दिसतोही, पण मूळ कारण खोऱ्याचा आकार. याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘लेक टच’ म्हणून जास्त भावाने विकला जाणारा तुकडा बागायतीसाठी सगळ्यात थंड असू शकतो. दलाल ते सांगणार नाही.

निफाडचंही तेच. नाशिक शहरापेक्षा खालच्या अंगाला, गोदावरी-कादवेच्या सपाट खोऱ्यात असूनही कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान बऱ्याचदा शहरापेक्षा खाली नोंदलं जातं. तिथे डोंगर नाही, तरी सखलपणाचा नियम चालतोच.

कोणते थर काढायचे

सगळी साधनं वापरायची गरज नाही. मला चार थर पुरेसे वाटतात.

पहिला, खोऱ्याच्या तळापासूनची उंची. ही समुद्रसपाटीपासूनची नव्हे, जवळच्या ओढ्याच्या पातळीपासूनची. सगळ्यात जास्त माहिती हाच आकडा देतो.

दुसरा, आजूबाजूच्या मानाने जागा उंचावर की खोलगट, म्हणजे टीपीआय. क्यूजीआयएसच्या मेनूतला टीपीआय फक्त शेजारच्या आठ चौकोनांशी तुलना करतो. ३० मीटरच्या मॉडेलवर त्यातून बांध आणि गोंगाट यापलीकडे काही दिसत नाही. त्याऐवजी ग्रास या सॉफ्टवेअरच्या ‘आर नेबर्स’ साधनाने मोठ्या परिघाची सरासरी काढा आणि मूळ उंचीतून वजा करा. २१ चौकोनांची खिडकी म्हणजे साधारण ३०० मीटरचा परिघ, ६७ चौकोनांची म्हणजे एक किलोमीटरचा. दोन्ही काढा. लहान परिघात खोलगट पण मोठ्या परिघात उंच अशी जागा म्हणजे पठारावरचा खळगा. दोन्हींत खोलगट असेल तर ती खरी धोक्याची.

तिसरा, उतार. दोन-तीन अंशांपेक्षा कमी उतारावर हवा रेंगाळते.

चौथा, त्या जागेवरून किती आकाश दिसतं. मोकळ्या माळावरून पूर्ण आकाश दिसतं आणि उष्णता भराभर जाते. झाडाखाली कमी दिसतं, म्हणून आंब्याखालचं गवत वाचतं आणि शेजारचं पांढरं होतं.

उताराची दिशा मी शेवटी ठेवतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या उताराला हिवाळ्यात ऊन कमी, तेव्हा जमिनीत साठलेली उष्णताही कमी. पूर्वेकडच्या उतारावर सूर्य लवकर येतो आणि गोठलेलं पान झटकन वितळतं, त्याने इजा वाढते. फरक पडतो, पण खोलगटपणाइतका नाही.

उपग्रहाच्या तापमान नकाशांबद्दल थोडं. लँडसॅट उपग्रहाचे औष्णिक नकाशे सुंदर दिसतात, पण तो आपल्यावरून सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातो. तेव्हाचा गरम-गार आणि पहाटेचा गरम-गार यांचा संबंध उलटाही असू शकतो. रात्रीचं हवं तर मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचे नकाशे घ्या, पण चौकोन १ किलोमीटरचा. त्यात मोठं खोरं दिसतं, तुमचं शेत नाही. अवकाश स्थानकावरून २०१८ पासून काम करणाऱ्या इकोस्ट्रेस या उपकरणाची काही दृश्यं रात्रीची आहेत आणि चौकोन सुमारे ७० मीटरचा. निरभ्र जानेवारीतलं एखादं सापडलं तर नशीब समजा. तरी ते जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान असतं, हवेचं नव्हे.

आता जागेवर

इथवरच्या नकाशाचं एकच काम आहे: थर्मामीटर कुठे लावायचे ते सांगणं. नकाशा रंगवून ग्राहकाच्या हातात देणारे लोक मी पाहिले आहेत. एकही पहाट न मोजता दिलेला असा रंगीत नकाशा मी तरी कुणाला देणार नाही.

नोंद ठेवणारे छोटे डिजिटल थर्मामीटर आता परवडतात. चार-पाच घ्या. लावण्याआधी मुंबईतच घरी तपासा. बर्फाचा चुरा आणि थोडं थंड पाणी भांड्यात घालून ढवळत राहा, ते मिश्रण बरोबर शून्य अंशावर राहतं. वॉटरप्रूफ नसेल तर थर्मामीटर पातळ पिशवीत बांधून बुडवा, वीस मिनिटांनी वाचा. कुणी ०.६ दाखवेल, कुणी उणे ०.४. तो फरक डब्यावर मार्करने लिहून ठेवा. अर्ध्या अंशावर निर्णय फिरतात, तेव्हा हे टाळू नका.

जागा अशा: एक सगळ्यात खोलगट ठिकाणी, एक तळापासून दहा-पंधरा मीटर वर, एक चाळीसेक मीटर वर, एक माथ्यावर. उरलेला बांधाच्या किंवा भिंतीच्या वरच्या अंगाला, जिथे हवा तुंबेल असा संशय आहे तिथे. प्रत्येक थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरवर, वरून पांढरं झाकण आणि बाजूने वारा खेळेल असा. उघड्यावर टांगला तर तो स्वतःच आकाशाकडे उष्णता सोडतो आणि हवेपेक्षा कमी आकडा दाखवतो. शक्य असेल तर खोलगट ठिकाणी आणखी एक, पिकाच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून वीतभर. निरभ्र, शांत रात्री या दोन उंचींत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. हवामान खात्याचा आकडा सव्वा मीटरच्या आसपास ठेवलेल्या वेधशाळेतल्या पेटीतला असतो, स्ट्रॉबेरीचं फूल वीतभर उंचीवर असतं. पेटीत तीन अंश आणि फुलावर उणे एक, हे एकाच वेळी खरं असतं.

दर पंधरा मिनिटांनी नोंद आणि डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मुक्काम. एक हिवाळा पुरतो, कारण आपल्याला जागेचं हवामान नव्हे, जागा-जागांतला फरक मोजायचाय. तो फरक वर्षागणिक फारसा बदलत नाही.

त्यातली एखादी पहाट स्वतः घालवा. जानेवारीत सूर्योदय सव्वासातच्या आसपास, किमान तापमान त्याच सुमाराला. साडेपाचला खोलगट भागात उभे राहा आणि उदबत्ती पेटवा. ती आधी गुडघ्याच्या उंचीवर धरा. धूर आडवा, सावकाश, एकाच दिशेने सरकताना दिसेल. ती तुमच्या खोऱ्यातून खाली उतरणारी थंड हवा. मग हात डोक्यावर न्या. बऱ्याचदा तिथे धूर सरळ वर जातो किंवा दिशाच बदलतो. बांधापाशी जाऊन बघा: धूर अडतो, वळतो की फटीतून निघून जातो. सगळ्या संगणकी थरांपेक्षा ही उदबत्ती जास्त स्पष्ट बोलते, आणि जमीनमालकालाही लगेच पटते.

पांढरा थर आधी कुठे दिसतो तेही टिपा. वाळकं गवत, पेंढा, गाडीचा टप, प्लास्टिकचा कागद इथे तो पहिल्यांदा येतो, कारण यांना खालून जमिनीची ऊब मिळत नाही. ओल्या, उघड्या, दबलेल्या मातीवर शेवटी.

आणि गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. ‘इथे थंडी किती पडते?’ असं विचारलं तर ‘लय पडते’ एवढंच उत्तर मिळतं. विचारायचं असं: ‘काका, कोणत्या वाफ्यातली फुलं आधी काळी पडतात? घेवडा कुठे टिकत नाही? जुन्या लोकांनी घर त्या वरच्या टप्प्यावरच का बांधलं?’ स्ट्रॉबेरीचं फूल गोठलं की पाकळ्या पांढऱ्याच राहतात, फक्त मधला पिवळा भाग काळा पडतो. ते दृश्य कुठल्या वाफ्यात दरवर्षी दिसतं, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला पाठ असतं. जुनी वाडी, जुना गोठा, जुनी आमराई बहुधा खोऱ्याच्या तळाच्या थोडी वर असते. रात्री थंड हवा तळाशी बसते, माथा उघडा असतो आणि मधल्या उतारावर उबदार पट्टा राहतो. तो पट्टा तुमच्या खोऱ्यात किती मीटरवर आहे, हे थर्मामीटर सांगतील.

प्रवासाची अडचण असेल तर सराव मुंबईजवळ करा. इथे गोठणीचा प्रश्न नाही. सांताक्रूझची आजवरची सर्वांत कमी नोंद ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ची. जागेजागी पडणारा रात्रीच्या तापमानाचा फरक मात्र इथेही दिसतो. समुद्राला चिकटलेला कुलाबा आणि आत असलेलं सांताक्रूझ यांच्या किमान तापमानात हिवाळ्यात काही अंशांचा फरक नेहमी असतो. एक थर्मामीटर माथेरानला आणि एक नेरळ-कर्जतच्या सखल भागात ठेवून एक शनिवार-रविवार मोजा. वर जास्त थंड असणार हा समज एका रात्रीत जातो.

आकडे जुळवताना

हिवाळा संपला की सगळ्या नोंदी एका तक्त्यात आणा. आधी रात्री गाळा. ज्या रात्री तळाचा आणि माथ्याचा आकडा जवळपास सारखाच, ती ढगांची किंवा वाऱ्याची रात्र. ती बाजूला ठेवा. उरलेल्या रात्रींत प्रत्येक जागेचं किमान उणे वेधशाळेचं किमान, असा फरक काढा. तो फरक तळापासूनच्या उंचीसमोर मांडला की बहुतेकदा स्वच्छ वक्र मिळतो: तळाशी मोठा उणे, वर जाताना कमी होत जाणारा, मग सपाट. त्यावर साधं समीकरण बसवायला स्प्रेडशीट पुरते. टीपीआय घातल्याने जुळणी सुधारत असेल तर घाला, नाहीतर सोडा. पाच थर्मामीटरांच्या जोरावर दहा घटकांचं समीकरण बसवणं हा विनोद आहे.

एक उदाहरण, निव्वळ हिशोबापुरतं. समजा तळाचा फरक उणे ५ निघाला आणि पिकाच्या उंचीवर आणखी उणे ३. स्ट्रॉबेरीचं उमललेलं फूल साधारण उणे १ ला जातं. म्हणजे वेधशाळेत ७ अंश नोंदले गेले की तळाच्या वाफ्यात नुकसान सुरू. चाळीस मीटर वर फरक फक्त उणे १ असेल, तर तिथे त्याच नुकसानीसाठी वेधशाळेत ३ अंश लागतील. आता जुन्या नोंदींत मोजा: गेल्या वीस वर्षांत निरभ्र रात्री ७ च्या खाली किती हिवाळ्यांत गेलं, ३ च्या खाली किती. तळ आणि उतार यांतला फरक असा वर्षांच्या भाषेत येतो.

मग तो आयुष्याच्या भाषेत आणा. पाच वर्षांतून एकदा म्हणजे फार नाही, असं वाटतं. पण दहा वर्षांत निदान एकदा तो फटका बसण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के. दहा वर्षांतून एकदा असा धोका असला तरी दहा वर्षांत ६५ टक्के. दरवर्षी नवी रोपं लावणाऱ्या स्ट्रॉबेरीवाल्याला पाच वर्षांतला एक फटका सोसवेल. चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देणारी बाग लावणाऱ्याला नाही. त्यामुळे धोक्याची सीमा पिकागणिक वेगळी आखावी लागते. केळीला तर गोठण लागतच नाही. दहा-बारा अंशांच्या खालीच तिची वाढ अडते, जळगावकडे त्याला ‘चरका’ म्हणतात. द्राक्षाचं मणी फुगणं थंडीत थांबतं आणि मणी तडकतात, म्हणून निफाडचे बागायतदार शून्याची वाट न पाहता पहाटे शेकोट्या पेटवतात आणि ठिबकमधून विहिरीचं कोमट पाणी सोडतात.

आराखड्यावर काय उतरवायचं

नकाशावर चार रंग पुरे: हवा साचणारा तळ, तिच्या काठचा पट्टा, उबदार उतार, उघडा माथा. तळात गहू, हरभऱ्यासारखी हंगामी पिकं, गवत, शेततळं. हरभराही फुलोऱ्यात असताना गारठा सोसत नाही, तेव्हा पेरणीची तारीख पाहा. फळबाग, रोपवाटिका, पॉलिहाऊस, माणसांचं घर हे उतारावर. माथ्याला वारा लागतो, तिथे वारा सोसणारी झाडं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हवेची वाट. शहरातून आलेला माणूस जमीन घेतली की पहिल्यांदा चारही बाजूंनी पक्की भिंत बांधतो. उताराच्या खालच्या बाजूची ती भिंत रात्री धरणासारखं काम करते आणि मालक स्वतःच्या बागेत थंड हवा कोंडतो. खालच्या बाजूला जाळीचं कुंपण ठेवा. भिंत हवीच असेल तर तळाशी मोठ्या फटी ठेवा आणि त्यांत पालापाचोळा साचू देऊ नका. दाट झाडांची रांग लावायची तर ती वरच्या बाजूला, उताराला तिरकी, म्हणजे येणारी हवा बागेला बगल देऊन ओढ्याकडे जाईल. गटातून जाणारा रस्ता भराव घालून उंच करणार असाल तर मोठ्या मोऱ्या टाका. त्या पाण्यालाही लागतातच.

जमिनीचं आवरण हाही आराखड्याचा भाग. कोरडा पालापाचोळा किंवा पेंढा पसरला की मातीची ऊब अडते आणि वरची पानं जास्त गार होतात. ज्या आठवड्यात धोका आहे त्या आठवड्यात फळझाडांच्या ओळींत माती उघडी, दबलेली आणि आदल्या दिवशी भिजवलेली ठेवलेली बरी.

संरक्षणाची यंत्रणा बसवणार असाल तर जागा आत्ताच राखा. तुषार सिंचनात पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं आणि त्यावर फूल तगतं, पण ते पाणी बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू लागतं. मध्येच वीज गेली तर पाणी न मारल्यापेक्षा वाईट. म्हणून टाकी उतारावर वर ठेवा आणि पंपासाठी जनरेटर गृहीत धरा. धुरापेक्षा उष्णतेचा उपयोग जास्त असतो, त्यामुळे एक मोठी होळी करण्यापेक्षा पुष्कळ लहान शेकोट्या बऱ्या.

महाबळेश्वर-पाचगणी भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम, उतार कापणं, झाडतोड यांवर तिथे निर्बंध आहेत. तेव्हा ‘घर वर सरकवू, टप्पे पाडू’ असं कागदावर ठरवण्याआधी परवानगीचं पाहा. शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, हे तर बहुतेकांना माहीत असतंच.

शेवटच्या नकाशावर तीन गोष्टी लिहायला विसरू नका: कोणत्या हिवाळ्यात मोजलं, थर्मामीटर कुठे आणि किती उंचीवर होते, आणि वेधशाळेच्या कोणत्या आकड्याला तळात नुकसान सुरू होतं. तो तिसरा आकडा शेत सांभाळणाऱ्याच्या फोनमध्ये असू द्या. संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज त्याच्या जवळपास आला, आकाश निरभ्र असलं आणि वारा पडला की त्याने मुंबईहून फोन येण्याची वाट न पाहता ठिबक सुरू करावं. भिंती, रस्ता, झाडांची रांग झाल्यावर पुढच्या जानेवारीत तळातला एक थर्मामीटर पुन्हा लावा. बांधकामाने हवेची वाट बदललेली असते, आणि जुना फरक तसाच लागू होईल हे गृहीत धरता येत नाही.